साखर करपली तर काय होईल?

परदेशात स्थायिक झालेली मराठी माणसे ऑनलाइन समुपदेशनासाठी येतात तेव्हा नोकरी, मुले, भारतात एकटे राहणारे आईवडील अशा मोठ्या विषयांच्या आडून एक लहानशी वाटणारी तक्रार वारंवार पुढे येते. "सासरचे पारंपरिक पदार्थ करायचे म्हटले की हातपाय गळतात." सासर कुठे तमिळ असते, कुठे इटालियन, कुठे मेक्सिकन, वाक्य मात्र जवळपास तेच असते. या तक्रारीला पुष्कळजण, कधीकधी स्वतः तक्रार करणारेही, "एवढे काय त्यात" म्हणून बाजूला सारतात. मी तसे करत नाही, कारण आठवड्यातून एकदा चुलीपाशी उभे राहताना ज्या माणसाची छाती धडधडते, त्याच्या मनात स्वयंपाकाखेरीज बरेच काही शिजत असते.

येथे सांगते ती हकिगत टोरोंटोजवळ राहणाऱ्या, मूळच्या वर्ध्याच्या एका विवाहितेची आहे. त्यांच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. पदार्थ मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. त्यांचे पती भारतीय वंशाचे त्रिनिदादी आणि सासूबाई त्रिनिदाद या कॅरिबियन बेटावरील चग्वानासच्या, आता मुलाच्या घराजवळच राहणाऱ्या. त्रिनिदादी घरांत रविवारचे दुपारचे जेवण हा आठवड्याचा सोहळा असतो. साखरेवर तपकिरी केलेले रस्सेदार चिकन, मॅकरोनी आणि चीज भाजून केलेला मॅकरोनी पाय, अळूच्या पानांचे कॅलालू, भात आणि लाल घेवड्याची उसळ, असा बेत ठरलेला असतो आणि जेवायला सगळा गोतावळा जमतो. महिन्यातला एक रविवार या बाईंकडे असे आणि त्याच्या आधीच्या गुरुवारपासून त्यांची झोप उडत असे.

"नेमकी भीती कशाची वाटते?" असे मी विचारले तेव्हा त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "साखरेची, ताई."

हे उत्तर समजण्यासाठी त्या आपल्या रविवारी करत तो पेलाऊ हा पदार्थ ठाऊक असायला हवा. हा एकाच भांड्यात होणारा चिकन, तुरीचे दाणे आणि भात यांचा पदार्थ आहे. जाड बुडाच्या भांड्यात दोन-तीन चमचे तेल आणि तेवढीच ब्राउन शुगर घालून ती विरघळू द्यायची. ती फसफसते, पिवळसर होते, मग तांबूस, मग गडद तपकिरी. धूर निघण्याच्या बेतात असताना मुरवलेले चिकन त्यात घालून झटपट हलवायचे. काही सेकंद घाई झाली तर रंग फिका राहतो आणि गोडवा उरतो, काही सेकंद उशीर झाला तर सगळे भांडे कडू होते. रविवारच्या रस्सेदार चिकनचा आरंभही असाच असतो.

"आणि करपली तर?"

"तर सगळे संपलेच."

"सगळे म्हणजे काय काय?"

यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मम्मींना कळेल की मला येत नाही. त्या काही बोलणार नाहीत. पण मी त्या घरात बाहेरचीच राहीन."

माझी जडणघडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीत झाली. 1950 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्यांनी मांडलेला मूळ मुद्दा असा, की आपली घालमेल घडलेल्या गोष्टीमुळे जितकी होते त्याहून अधिक, त्या गोष्टीबद्दल आपण मनाशी धरलेल्या हट्टामुळे होते. पदार्थ चांगला व्हावा ही इच्छा निरोगी आहे; ती माणसाला शिकायला लावते. पदार्थ अगदी तसाच झाला पाहिजे, नाहीतर या घरात मला जागा नाही, हा हट्ट आहे, आणि त्याच्या ओझ्याखाली हात थरथरतात, नजर साखरेवर ठरत नाही, आणि मग ती खरोखर करपते. एवढे मला पहिल्याच भेटीत दिसले होते, परंतु समुपदेशकाला दिसून काही उपयोग नसतो. समोरच्याला ते स्वतःच्या आयुष्यात सापडावे लागते.

ते सापडले अनपेक्षित वाटेने. पेलाऊत पडणाऱ्या 'पिजन पीज'ची चौकशी करताना माझ्या लक्षात आले की ही तर आपली तूर. विदर्भात ओल्या तुरीच्या दाण्यांना सोले म्हणतात आणि थंडीत त्यांचा भात घरोघरी होतो.

"तुम्ही सोलेभात करता का?"

"करते की. इथे गोठवलेले दाणे मिळतात."

"तांदूळ किती, पाणी किती?"

"ते काय मोजायचे? अंदाजाने."

"आणि भाताचा लगदा झाला तर?"

"तर काय, कढी ओतून खातो. माझे बाबा म्हणायचे, आज भात आहे की खिचडी ते सरकारने ठरवावे." त्या हसल्या. मी हसले नाही, कारण मला पुढचा प्रश्न विचारायचा होता.

"तोच दाणा, तोच तांदूळ, तेच हात. मग रविवारी वेगळे काय असते?"

त्या थांबल्या आणि सावकाश म्हणाल्या, "सोलेभात बिघडला तर भात बिघडतो. पेलाऊ बिघडला तर मी बिघडते."

इतके नेमके निदान मलाही शब्दांत मांडता आले नसते. ही समज बाहेरून देता येत नाही. योग्य प्रश्न योग्य वेळी विचारावा लागतो आणि मग गप्प राहावे लागते. गप्प राहण्याची ही कला मला बऱ्याच वर्षांनी साधली आहे, असे थोड्या अभिमानाने म्हणते.

परंतु समज आली म्हणून छातीतली धडधड थांबत नाही. तिला अनुभव लागतो. म्हणून मी त्यांना गृहपाठ दिला, की मंगळवारी संध्याकाळी, घरी कोणी पाहुणा नसताना आणि चिकन न काढता, साखर मुद्दाम करपवायची. पातळ काळा थर होईपर्यंत, खिडकी उघडी ठेवून, लांब दांड्याचा चमचा वापरून. तापलेला पाक त्वचेला चिकटतो, म्हणून मुलाला स्वयंपाकघराबाहेर ठेवायचे. मग भांडे थंड झाल्यावर एक कण जिभेवर ठेवून कडूपणा ओळखायचा, आणि त्यानंतर दुसऱ्यांदा साखर घालून, या वेळी आपल्याला वाटेल तिथे आच बंद करायची.

पुढच्या भेटीत त्यांचा चेहरा निराळा होता. "ताई, मी करपवली. खूप धूर झाला. भांड्यात पाणी उकळले तर निम्मे आपोआप सुटले, उरलेले घासायला दहा मिनिटे लागली." आणि मग जणू कोणा दुसऱ्याची तक्रार सांगावी तशा त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी मी इतके महिने झोपले नव्हते?" दोन-तीन चमचे साखर आणि दहा मिनिटे, ही त्या संकटाची खरी किंमत होती. याच प्रयोगात आणखी एक गोष्ट हाती लागली. करपण्याच्या किंचित आधी साखरेच्या वासातला गोडवा जाऊन त्याला कडवट धार येते, आणि फेसाचे बुडबुडे मोठे व संथ होतात. ही खूण सासूबाई फोनवर 'वास आला की समजते' एवढ्याच शब्दांत सांगत असत आणि बाईंना वाटे की त्या मुद्दाम हातचे राखून बोलतात. प्रत्यक्षात त्या असलेले सगळे सांगत होत्या. ते पोहोचण्यासाठी ऐकणाऱ्याने एकदा निवांतपणे चूक करायला हवी होती.

येथून पुढचे मार्गदर्शन तुलनेने सोपे होते. ते अशाच अडचणीत असलेल्यांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

घबराटीचे एक कारण माहितीचा गोंधळ हे असते. या बाई व्हिडिओ पाहून कॅलालू शिकत होत्या आणि घरच्यासारखे होत नाही म्हणून खचत होत्या. त्यांनी पाहिलेले व्हिडिओ जमैकाचे होते. जमैकात कॅलालू म्हणजे राजगिऱ्याच्या जातीची पालेभाजी, तर त्रिनिदादमध्ये अळूची पाने, भेंडी आणि नारळाचे दूध एकत्र शिजवून घोटलेला दाट पदार्थ. अळूचे फदफदे ज्यांच्या घरी होते, त्यांना पाने नीट शिजली नाहीत तर घसा खाजतो हे सांगावे लागत नाही. कॅरिबियन हे अनेक बेटांचे मिळून झालेले जग आहे. म्हणून एक बेट आणि शक्यतो एकच घर निवडावे आणि इतर सगळे सल्ले काही काळ बंद ठेवावेत.

दुसरे कारण घाई. त्रिनिदादी स्वयंपाकाची चव ज्या हिरव्या वाटणावर उभी असते, ते शाडो बेनी, थाइम, पातीचा कांदा आणि लसूण यांचे वाटण आधी करून बर्फाच्या साच्यात गोठवता येते. शाडो बेनी ही लांब पानांची, कोथिंबिरीहून तीव्र वासाची वनस्पती. टोरोंटोत ती व्हिएतनामी दुकानांतही मिळते, आणि न मिळाल्यास कोथिंबीर जास्त घालून भागते. चिकन शनिवारी रात्री मुरत ठेवावे आणि साखरेत घालण्यापूर्वी निथळून घ्यावे, म्हणजे तेल उडत नाही. पेलाऊच्या दोन वाट्या उकड्या तांदळाला नारळाचे दूध धरून चार वाट्यांहून थोडे कमी पाणी पुरते, कारण चिकनलाही पाणी सुटते. स्कॉच बॉनेट ही फार तिखट मिरची अख्खी वर ठेवावी, आणि ती फुटेल या धास्तीने भात हलवता येत नसेल तर अर्ध्या वाटेवर काढून घ्यावी. सुगंध तोवर उतरलेला असतो.

'अस्सल' या कल्पनेचा धाक मात्र मला मुळापासून उकरावासा वाटला. 1845 साली 30 मे रोजी 'फतेल रझाक' हे जहाज भारतीय करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी घेऊन त्रिनिदादला पोहोचले आणि 1917 पर्यंत ही भरती चालू राहिली. त्याआधीच्या काळात मळेवाले गुलामांना स्वस्त म्हणून खारवलेला मासा खाऊ घालत. विल्यम ब्लाय यांनी ताहितीहून आणलेली ब्रेडफ्रूटची रोपे 1793 मध्ये सेंट व्हिन्सेंट आणि जमैकात उतरवली गेली, तीही गुलामांच्या पोटापाण्याची सोय म्हणून. आज हे सारे तिथल्या माणसांच्या जिवाभावाचे अन्न आहे. मिळेल त्यावर भागवत ज्यांनी ही परंपरा घडवली, त्यांच्यापैकी कोणी वर्ध्याच्या सुनेच्या पेलाऊला नापास करील, असे मला वाटत नाही. आजही एका घरात पेलाऊ सुटा असतो तर दुसऱ्या घरात ओलसर. कोणी नारळाचे दूध घालते, कोणी टोमॅटो केचप.

हे ऐकून बाई म्हणाल्या, "पण मम्मींना त्यांच्या पद्धतीचाच आवडतो." बरोबर आहे; आवडणारच. कोणाला आपला पदार्थ कमी आवडणे आणि आपण कमी ठरणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, यावर आम्ही पुढे बरेच काम केले आणि त्याला स्वयंपाकाहून अधिक वेळ लागला. ज्यांच्या घरी पदार्थावरून खरोखर अपमान होतो, त्यांच्यासाठी मात्र साखर करपवण्याचा गृहपाठ पुरेसा नाही. तिथे आधी घरातल्या माणसांशी बोलावे लागते.

आता त्यांच्या रविवारी सगळा बेत एकटीवर नसतो. पेलाऊ आणि कॅलालू त्या करतात, मॅकरोनी पाय सासूबाई घेऊन येतात. दालपुरी, म्हणजे वाटलेल्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे सारण भरलेली मोठी रोटी, त्या अजून करत नाहीत. पुरणपोळी येणाऱ्या बाईला ती जमेल असे पतींचे म्हणणे आहे, परंतु दालपुरीची डाळ पुरणासारखी मऊ शिजवून चालत नाही. बोटांनी चुरडेल इतकीच शिजवून ती कोरडी वाटावी लागते. तूर्तास दालपुरी रोटीच्या दुकानातून येते, आणि पाहुण्यांनी विचारले तर त्या तसे सांगतात.