बडोद्याची प्रॅक्टिस आवरून इंग्लंडला येताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल., आरसीआयची (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी, बडोद्यात काही वर्षांची स्वतःची प्रॅक्टिस, नवऱ्याची इंग्लंडमधली नोकरी आणि साडेतीन वर्षांची मुलगी. तिथे क्लिनिक काढता येईल का? येईल. व्हिसा, फी, इंग्रजीची परीक्षा हे सगळं सरकारी पानांवर नीट दिलेलं आहे, ते इथे सांगत नाही. डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर, स्वतःचा व्यवसाय करता येतो, एवढं धरून चला.

सगळ्यात जास्त मनाला लागतं ते पदाचं. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे पद इथे कायद्याने राखीव आहे. एचसीपीसी या इथल्या नियामक संस्थेच्या नोंदणीशिवाय ते पाटीवर, कार्डावर, कुठेच लावायचं नाही. आरसीआयचा नंबर इथे चालत नाही. बडोद्यात ज्या नावाने लोक दार ठोठावत होते, ते नाव नोंदणी होईपर्यंत बाजूला ठेवावं लागतं. हे मनाने पचवायला कागदांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्याबद्दल आधी कुणी बोलत नाही.

आता कागद. इथलं प्रशिक्षण तीन वर्षांच्या डॉक्टरेटचं, आपलं एम.फिल. दोन वर्षांचं. पण एचसीपीसीचे तपासणारे पदवीच्या नावाकडे पाहत नाहीत, प्रत्येक निकषाला पुरावा मागतात. आपले अर्ज अडतात ते इथेच. आपली पोस्टिंग्ज बहुतेक मनोरुग्णालयाच्या वॉर्डात आणि ओपीडीत होतात. वृद्ध, बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ यांच्याबरोबरचं काम केलेलं असलं तरी कागदावर दिसत नाही. म्हणून प्रत्येक पोस्टिंगचा तक्ता करा: ठिकाण, आठवडे, रुग्णांचा वयोगट, वापरलेल्या चाचण्या, उपचारपद्धती, सत्रांची संख्या, सुपरव्हिजनचे तास. प्रत्येक पानावर सुपरवायझरची सही, तारीख, शिक्का. सुपरवायझर निवृत्त होतात, गाव बदलतात. सही आजच घ्या.

एचसीपीसीच्या अर्जासोबतचा अभ्यासक्रमाच्या माहितीचा फॉर्म तुम्ही नाही, तुमच्या संस्थेने भरायचा असतो. विद्यापीठाच्या टेबलावर उत्तर मिळतं, "असा फॉर्म आमच्याकडे नसतो." तिथे भांडत बसू नका. सगळा मजकूर स्वतः तयार करून आधी विभागप्रमुखांकडे जा, त्यांचं पत्र घेऊन मग कार्यालयात. शिक्का मारलेल्या अभ्यासक्रमाचे आणि मार्कशीटचे दोन संच घ्या. परदेशातून फोनवर हे काम होत नाही. जन्मभर शिकून शेवटी एका शिक्क्यापायी अडकून राहणं फार चिडवतं, आणि ती चीड पुढे बरेच दिवस टिकते. त्रुटी निघाली तर पुढे कोणता मार्ग उरतो ते एचसीपीसीलाच विचारा.

नोंदणी होईपर्यंत काय करायचं? 'काउन्सेलर' आणि 'सायकोथेरपिस्ट' ही पदं कायद्याने राखीव नाहीत. तरी बीएसीपीसारख्या काउन्सेलरांच्या व्यावसायिक संस्थेच्या सदस्यत्वाशिवाय लोक विश्वास ठेवत नाहीत. आरोग्य विमा कंपन्यांच्या यादीत तुम्हाला सायकॉलॉजिस्ट म्हणून यायचं असेल, तर एचसीपीसी नंबर हवाच.

चाचण्यांचं सामान आणू नका. बिने-कामत, भाटिया, मालिन या आपल्या लोकांवर प्रमाणित झालेल्या बुद्धिमत्तेच्या चाचण्या. इथल्या मुलाचा अहवाल त्यांवर लिहिता येत नाही. इथे वेक्स्लरच्या बुद्धिमत्ता चाचण्यांच्या ब्रिटिश आवृत्त्या लागतात, त्या महाग असतात आणि पात्रता दाखवल्याशिवाय विकत मिळत नाहीत. पहिल्या वर्षी मूल्यमापन सोडा, थेरपीच करा.

खासगी प्रॅक्टिसमध्ये बदलतं ते सत्राभोवतीचं सगळं. बडोद्यात आई-वडील सोबत येतात, आणि रावपुऱ्यातला मनोविकारतज्ज्ञ तुमच्या फोनमध्ये असतो. इथे माणूस एकटा येतो. म्हणून पहिल्या क्लायंटच्या आधी तीन गोष्टी पक्क्या हव्यात: सुपरवायझर (ज्याच्याशी आपल्या केसेसवर बोलायचं असा अनुभवी थेरपिस्ट, महिन्याला दीड तास तरी), व्यावसायिक विमा आणि संकटाच्या वेळची लेखी योजना. पहिल्याच भेटीत क्लायंटचा पत्ता, जीपीचं (फॅमिली डॉक्टरचं) नाव आणि 'जिवाला धोका वाटला तर मी जीपीला कळवीन' याला सही. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घेतलीत तर नववा, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा प्रश्न सत्र संपायच्या आत वाचा, घरी नेऊन नाही. शून्याखेरीज काहीही असेल तर तिथेच विचारा. ऑनलाइन सत्रात दर वेळी आधी विचारा की तुम्ही आत्ता कुठे बसला आहात. अॅम्ब्युलन्स पाठवायची वेळ आली तर पत्ता लागतो.

भारतातले जुने क्लायंट ऑनलाइन चालू ठेवायचे असतील तर विमा कंपनीला लेखी विचारा. क्लायंट दुसऱ्या देशात असला की विमा लागू होईलच असं नाही.

क्लायंटच्या नोंदी ठेवायच्या तर आयसीओ या माहिती-संरक्षणाच्या सरकारी कार्यालयाकडे नोंदणी करून वार्षिक शुल्क भरावं लागतं. क्लायंटने स्वतःच्या नोंदी मागितल्या तर साधारण महिनाभरात द्याव्या लागतात, म्हणून प्रत्येक ओळ तो वाचणार असं धरूनच लिहा. कराचं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, ऑनलाइन विवरणपत्र ३१ जानेवारीपर्यंत. पन्नास मिनिटांचं सत्र, दहा मिनिटं नोंदीला. दिवसाला चार पुरेत.

मराठी मंडळ हवंहवंसं वाटेल. पण समाज लहान आहे, गणपतीच्या आरतीत क्लायंट शेजारी उभा असतो. पहिल्या सत्रातच सांगा: "बाहेर भेटलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तरच." याची किंमत अशी की जिथे मन मोकळं करावं तिथेच तुम्हाला जपून बोलावं लागतं. एकटेपणाबद्दल एवढंच. त्यावर समवयस्क सायकॉलॉजिस्टचा छोटा गट हाच इलाज आहे.

मुलीचं. चार वर्षं पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरात रिसेप्शनचा, म्हणजे शाळेचा पहिला वर्ग, अर्ज १५ जानेवारीपर्यंत. कुणी सांगेल, घरी इंग्रजीच बोला म्हणजे ती मागे पडणार नाही. हा सल्ला अजूनही दिला जातो आणि अजूनही बोचतो. दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं मागे पडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. शिक्षिकेला ते शांतपणे, लेखी सांगा. नव्या वर्गात ती काही महिने गप्प राहिली तरी लगेच तपासणीला पाठवू देऊ नका. मराठीतही बोलायचं थांबली, तर मात्र वाट पाहू नका.

निघण्याआधी क्लायंटना सहा ते आठ आठवडे आधी सांगा. प्रत्येकाला पुढच्या सायकॉलॉजिस्टसाठी संमतीने लिहिलेलं पत्र द्या, आणि ज्यांना आत्महत्येचे विचार येऊन गेलेत त्यांची पहिली भेट तुम्ही स्वतः ठरवून द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्या पत्रावर लिहा. आणि आरसीआयची नोंदणी संपू देऊ नका; नूतनीकरणाचे गुण जमवत राहा.