शेततळ्यातला गाळ: चुना टाकू नका, खाद्य आवरा

प्रश्न (चोपडा): केळीच्या पाण्यासाठी प्लास्टिक अस्तराचं शेततळं आहे, त्यात रोहू-कटला सोडलेत. पाणी हिरवंगार. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात, तळाच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो. दुकानदाराने चुना आणि ‘गॅसची पावडर’ दिली. टाकू का?

उत्तर: नाही. पावडर राहू द्या, चुना तर अजिबात नको. हिरव्या पाण्याचा सामू (pH) दुपारी आधीच चढलेला असतो. चुन्याने तो आणखी चढतो आणि पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. आपल्याकडच्या उन्हात तर विचारूच नका.

खाद्यातल्या नत्राचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो. बाकीचा पाण्यात आणि गाळात जातो. स्फुरदही बराचसा तळाशी बसतो. तळाला प्राणवायू संपला की गाळात लोहाने धरून ठेवलेला स्फुरद सुटतो, शेवाळ माजतं आणि रात्रभर पाण्यातला प्राणवायू ओढतं. समुद्रात मासे पाळायच्या पिंजऱ्यांखालीही असाच थर साचतो, पण तिथे प्रवाह थोडाफार पांगवतो, आणि पिंजरे हलवून जागेला विसावा देता येतो. तुमचं तळं कुठे हलवणार?

दोन दिवस खाद्य बंद. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपाच्या टोकाची झडप) तळापासून वीतभर वर ठेवून पाणी सावकाश उपसा, गाळ ढवळू नका; ढवळलात तर सडक्या अंड्याच्या वासाचा तो विषारी वायू वर येऊन मासे मरतील. ताजं पाणी उंचावरून पाडा, तेही पहाटे.

नंतर रोजचं खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के, तेही ताटलीत ठेवून. दोन तासांनी ताटलीत उरलं तर पुढचा हप्ता कमी करा. ढगाळ दिवशी खाद्य नाहीच. दुकानदार पोतं खपवायला बसलाय, त्याच्या मापाने घालू नका. पाणी हिरवं करायला युरिया-सुपर फॉस्फेट टाका म्हणाला तर हात जोडा. खाद्य देताय तिथे खताची गरज नाही.

माझा आग्रह एकच: उपसलेलं पाणी नाल्यात सोडू नका, केळीला द्या. ठिबकमधून द्यायचं तर सँड फिल्टर लागेल, नाहीतर सरीने. या पाण्यात नत्र असतोच, म्हणून माती परीक्षण करून युरियाचा हप्ता तेवढा कमी करा. उन्हाळ्यात तळं आटलं की गाळ वाळवून शेतात पसरा. अस्तरावर फावडं चालवू नका, घमेल्याने काढा.

अनुदान: मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४०, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. कागदपत्रं जिल्हा मत्स्य कार्यालयात विचारा, दुकानात नाही.