नवरात्रात झोपणारा सर्व्हर आणि गप्प झालेले जुने सदस्य

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यातल्या मराठी हौशी फोटोग्राफरांची साइट, दोन वर्षांत २०० चे ३,००० सदस्य झाले. नवरात्रात रात्रीला ६०० फोटो यायला लागले, साइट सारखी झोपली, ८० जीबीची डिस्क भरली, आणि जुनी मंडळी आता फोटोंवर काही बोलत नाहीत. मोठा सर्व्हर घ्यावा का?

इतक्यात नको. आधी लॉग, म्हणजे सर्व्हर ठेवतो ती नोंदवही, उघडा. २०१० मध्ये इन्स्टाग्राम सुरू झाले तेव्हा पहिल्याच दिवशी सर्व्हर मेटाकुटीला आला होता. शोधल्यावर एक कारण असे निघाले की ब्राउझरच्या टॅबवर दिसते ते चिमुकले चित्र, फेव्हआयकॉन, टाकायचेच राहून गेले होते आणि त्यापायी एररचा पाऊस पडत होता.

तुमच्याकडे बहुधा मेमरी, म्हणजे रॅम, संपत असणार. गरबा आटोपून लोक घरी पोहोचतात आणि सगळे एकदमच फोटो चढवायला बसतात. २४ मेगापिक्सेलचा जेपेग डिस्कवर १० एमबीचा दिसतो, पण लहान करण्यासाठी उघडला की ६,००० × ४,००० × ३ बाइट, म्हणजे ७२ एमबी खातो. वीस जणांचे अपलोड एकत्र आले की दीड जीबी गेलीच. रॅम २ जीबी आणि डेटाबेसही त्याच मशीनवर असेल, तर सिस्टिम जागा करायला सर्वांत जाड प्रोसेस (चालू प्रोग्राम) मारते, आणि ती बरेचदा डेटाबेसच असते. म्हणून अपलोड झालेली फाइल नुसती बाजूला ठेवा, ‘फोटो तयार होतोय’ असे दाखवा आणि लहान प्रती रांगेतून, एका वेळी दोनच, बनू द्या. हे काम लिबव्हिप्स या फोटो लहान करणाऱ्या लायब्ररीकडे द्या. त्यात जेपेग उघडतानाच निम्म्या किंवा पाव मापात उघडता येतो, त्यामुळे मेमरी कितीतरी कमी लागते.

आता डिस्क. ६०० फोटो, १० एमबीचा एक, म्हणजे रात्रीला ६ जीबी आणि नऊ रात्रींचे ५४. लांब बाजू २,०४८ पिक्सेल आणि क्वालिटी ८२ ठेवली तर फोटो साधारण ७०० केबीत बसतो, ३२० पिक्सेलचे थंबनेल, म्हणजे यादीत दिसणारी चिमुकली प्रत, २५ केबीत. तेवढेच फोटो मग ४ जीबीत मावतात. मूळ फाइल ठेवूच नका. साइट म्हणजे कुणाच्या घरचा माळा नव्हे. मात्र हा नियम पुढची तारीख देऊन लावा, जुन्या फोटोंना हात लावू नका. फ्लिकरने २०१३ मध्ये प्रत्येकाला फुकट १ टीबी वाटली आणि २०१८ मध्ये नव्या मालकाने, स्मगमगने, फुकट खात्यावर १,००० फोटोंची मर्यादा घातली. ज्यांचे हजारो फोटो तिथे होते त्यांची कशी धावपळ झाली असेल याचा विचार करा.

फोटो लहान करताना तीन चुका हमखास होतात. फोटो उभा की आडवा दाखवायचा ही फिरवण्याची खूण एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फाइलमध्ये लिहून ठेवतो त्या माहितीत, असते. आधी फोटो प्रत्यक्ष न फिरवता एक्झिफ पुसले की उभे फोटो आडवे पडतात. कलर प्रोफाइल, म्हणजे रंग कसे दाखवायचे याची फाइलमधली सूचना, उडाले की आयफोनच्या फोटोतली लालभडक चणियाचोळी धुतल्यासारखी फिकी दिसते, तेव्हा आधी फोटो एसआरजीबीत, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, बदला. तिसरी चूक उलट बाजूची, काहीच न पुसण्याची. दांडिया बाजारातल्या घरच्या गणपतीचा फोटो जीपीएससकट गेला की पत्ता जगाला कळला. जीपीएस काढा, कॅमेरा, लेन्स, शटर आणि फोटोग्राफरचे नाव राहू द्या, शिकणाऱ्यांना तेच हवे असते.

गरब्यातल्या मुलींच्या फोटोंबाबत हयगय नको. ‘माझा फोटो काढून टाका’ असा निरोप आला की ॲडमिन पानावरून फोटो काढतो आणि काम झाले समजतो; थंबनेल, मोठी प्रत आणि सीडीएनच्या (साइटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवून भराभर पुरवणाऱ्या सेवेच्या) कॅशमधली प्रत थेट लिंकवर तशीच उघडत राहते. डिलीट म्हणजे तिन्ही ठिकाणी डिलीट, आणि नंतर खासगी विंडोत जुनी लिंक उघडून खात्री. तक्रार करणारीला सदस्य व्हायला लावू नका, कारणही विचारू नका.

जुनी मंडळी गप्प का, याचे उत्तरही याच आकड्यांत आहे. मध्यरात्रीनंतरच्या दोन तासांत ४०० फोटो आले आणि पहिल्या पानावर ३० मावत असले, तर एक फोटो तिथे जेमतेम नऊ मिनिटे टिकतो. बघायलाच कोणी नाही, मग बोलणार कोण? दिवसाला माणशी दोन फोटोंची मर्यादा घाला. नवरात्रातही दोनच, निवड करणे हा फोटोग्राफीचाच भाग आहे. पहिल्या पानावर एकाचा एकच फोटो दिसू द्या. ‘आधी दोन अभिप्राय द्या, मग फोटो टाका’ हा नियम कागदावर छान वाटतो, पण त्यातून नुसते ‘मस्त!’ आणि ‘अप्रतिम!’चे ढीग जमतात. त्यापेक्षा टीका हवी असेल त्याने फोटोसोबत एक नेमका प्रश्न लिहावा: ‘फिरणारा घेर हलता दिसावा म्हणून शटर १/१५ ठेवले, पण चेहराही हलला, काय करू?’ अशा प्रश्नाला जुना माणूस उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. हे फोटो वेगळ्या पानावर ठेवा, तिथे ते आठवडाभर राहू देत.

चोरीच्या फोटोवरून भांडण झाले तर वॉटरमार्कचा पुरावा धरू नका, तो कोणीही टाकतो. दोघांकडे त्या फोटोच्या आधीची आणि नंतरची फ्रेम मागा. लक्ष्मीविलास राजवाड्याचा तोच कोन हजारांनी टिपला असेल, पण लागोपाठच्या तीन फ्रेम खऱ्या मालकाकडेच असतात.

हे सगळे नवरात्रात पहिल्यांदा चालू करू नका. गणपती महिनाभर आधी येतात. रांग आणि मर्यादा स्थापनेच्या दिवसापासून लावा आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री मेमरीचा आलेख बघत बसा. त्या रात्री २ जीबी पुरली नाही, तर मग ४ जीबीचे मशीन घ्या.