काजू कटिंगच्या बायकांची पाठ आणि हात

कुडाळच्या ताई, तुमच्या युनिटमध्ये कटिंगच्या, म्हणजे काजूबीचं टरफल कापून गर काढणाऱ्या, बायकांची पाठ धरते, हात सोलवटतात आणि त्या काम सोडून जातात, कुठली टेबलं घेऊ असं विचारलंत. आमचं युनिट वेंगुर्ल्याकडे, आम्हीही हेच सोसलंय म्हणून लिहितोय.

नवीन टेबलं घेऊच नका, आहेत त्यांचे पाय उंची कमीजास्त होईल असे बदला. चौकोनी पाइपात दुसरा पाइप सरकवून भोकं पाडायची आणि बोल्ट लावायचा, गावातला वेल्डिंगवाला करून देतो. हात चालतो ती जागा त्या बाईच्या कोपराच्या ५ ते १० सेंटिमीटर खाली हवी. वर असली तर प्रत्येक बीला खांदा उचलतो, फार खाली असली तर कंबर वाकते. बुटक्या बाईला पायाखाली फळी दिलीत तर कटिंग मशीनचं पायाने दाबायचं पेडलपण तेवढंच वर घ्या, नाहीतर ती दिवसभर एका पायावर लटकते, आणि हे कोणी म्हणजे कोणी बघत नाही.

आता खरं दुखणं. अनुदानाच्या प्रकल्प अहवालात आम्ही टेकायचे उंच स्टूल आणि हे पाय धरले होते, तर एका सरकारी कार्यालयात साहेब म्हणाले ही यंत्रसामग्री नव्हे, फर्निचर आहे, काढा. काढलं तर म्हणे आता आकडे जुळत नाहीत, परत सही आणा. अहो, उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्या असं तेव्हाच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४४ मध्ये लिहिलेलं होतं! तेवढ्यात सीझन गेला आणि आमच्या हात बसलेल्या बायका दुसरीकडे गेल्या, त्या काही परत आल्या नाहीत. मशीनचे पैसे परत उभे करता येतात, अख्खा गर काढणारा हात तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून माझं स्पष्ट मत, स्टूल आणि पाय पदरच्या पैशाने आधी करा, फाइल चालू दे तिच्या गतीने. तुमच्याकडचे साहेब चांगले असतीलही.

हातांचं म्हणाल तर मी डॉक्टर नाही, फोड आलेत त्यांना आधी दवाखान्यात न्या. पण सुती हातमोजे अजिबात नकोत, टरफलाचं कातडी भाजणारं तेल त्यात मुरतं आणि कातडीला चिकटून राहतं. पातळ नायट्राइलचे द्या, फाटले की लगेच बदला. ज्यांना मोज्यात बी कळत नाही त्यांना खोबरेल लावू दे, पण सारखं लावायला हवं, सकाळी एकदा लावून भागत नाही. आणि साबण-पाणी कटिंगच्या शेडमध्येच ठेवा, लांब असलं की बायका तशाच हातांनी घाम पुसतात आणि मग तोंडावर उठतं.

सोलणीला, म्हणजे गरावरची पातळ साल काढायला, बायकांना जमिनीवर बसवत असाल तर तेही बंद करा, त्यावर हवं तर वेगळं लिहितो.