खांबांची बँक

बेळगाव

तुला अनेक आशीर्वाद.

जुन्या बँकेच्या इमारतीवरचं तुझं टिपण वाचलं. पहिल्याच ओळीतलं ‘ब्रिटिशांनी उभारलेली भव्य वास्तू’ आधी खोड. जुनं दिसलं की साहेबाच्या नावावर टाकायची आपल्याला सवयच आहे. भागधारकांची यादी तूच जोडलीयस, ती वाच की. तंबाखूचे व्यापारी, सराफ, दोन वकील. साहेबाचे फक्त खांब.

ते खांब कशासाठी, यावर मात्र सावकाश लिही. पेढीवर पैसा ठेवताना सावकाराचं तोंड ओळखीचं असायचं. बँकेला तोंड कुठलं? म्हणून चार गोल खांब, वर त्रिकोणी माथा, डावी-उजवी बाजू तागडीत तोलल्यासारखी. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा कुठं सरकार हललं. ठेवींना विमा आला १९६२ साली, तोही माणशी १५०० रुपयांपुरता. त्याआधी शेतकऱ्यानं भरवसा ठेवायचा तो भिंतींच्या जाडीवर.

आता ते खांब बोटानं वाजवून बघ. दगडी दिसतात, पण बहुधा आत वीट निघेल. वर चुन्याचा गिलावा आणि त्यात ओढलेल्या सांध्यांच्या खोट्या रेषा. मग मागच्या बोळात जा. तिथं खानापूरकडचा जांभा, वर मंगळुरी कौलं. पुढं ग्रीक देऊळ, मागं आपला वाडा! समोरच्या पत्र्याच्या पडवीला तू ‘विद्रूप’ म्हटलंयस. अरे, आपल्या पावसात चुन्याचा गिलावा तिच्यामुळंच टिकला.

माथ्यावरच्या सालावर विसंबू नकोस. मी एकदा विसंबलो, छापूनही आलं. आठवड्यात एका निवृत्त रोखपालांचं पोस्टकार्ड: ‘ते साल बँकेचं. इमारत नंतरची.’ तेव्हापासून मी आधी सिटी सर्व्हेचा उतारा काढतो. खरेदीखत मोडीत निघालं तर माझ्याकडं घेऊन ये.

१९५६ साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेला, ते एका वाक्यात पुरे. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. बँक कुणात विलीन झाली, ते शोध. आपली बेळगाव बँकच बघ, १९३० सालची. १९७५ साली युनियन बँकेत गेली.

तिजोरीच्या खोलीत सोडलं, तर दाराची जाडी मोज. आणि किल्ल्या कुणाकुणाकडं असायच्या, ते जुन्या शिपायाला विचार, मॅनेजरला नको.