शनिवारी रात्री नऊचा काउबॉय

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. मागच्या अंकात तुम्ही जाता जाता लिहिलं होतं, की लहानपणी अमेरिकेत असताना वडिलांसोबत तुम्ही काउबॉयच्या मालिका बघायच्या. माझा नातू आठ वर्षांचा आहे. मोबाइलवर सारखं काउबॉय बघतो आणि ठो ठो करत घरभर पळतो. सूनबाई म्हणते, बंद करा. मुलगा म्हणतो, बघू द्या. तुम्ही तेव्हा नेमकं काय बघितलं? असली माणसं खरंच होती का? पोराला हे बघू द्यावं का? — एक आजोबा, मानवत

उत्तर: भाऊ, बघू द्या. फक्त त्याला एकट्याला बसवू नका, तुम्ही शेजारी बसा. असं का म्हणते ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

माझे वडील परभणीच्या कृषी महाविद्यालयात पशुसंवर्धन शिकवायचे. साठच्या दशकात पीएच.डी.साठी ते कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत गेले. ते गाव मॅनहॅटन, पण न्यूयॉर्कचं नव्हे, कॅन्सस राज्यातलं. चहूकडे गवताळ माळ आणि माळावर गुरं. आई आणि मी मागून गेलो. घरमालकीण आजीबाईंनी आपला जुना टीव्ही आम्हाला वापरायला दिला होता. पेटी लाकडी, पडदा छोटा, चित्र काळंपांढरं. बटण फिरवलं की आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत पडदा काळाच राहायचा. आधी माणसं बोललेली ऐकू यायची, मग हळूहळू दिसायची. मध्येच चित्र खालून वर सरकायला लागायचं. मग वडील उठून मागची कळ फिरवायचे आणि मी पुढून ओरडायची, "थांबा, थांबा, आलं!"

शनिवारी रात्री नऊला 'गनस्मोक' लागायचं. त्या एका कार्यक्रमासाठी मला जागायची परवानगी होती. मालिका 1955 साली सुरू झाली आणि 1975 पर्यंत, म्हणजे वीस वर्षं चालली. गोष्ट कॅन्ससमधल्याच डॉज सिटीची. तिथला मार्शल, म्हणजे कायदा राखणारा अधिकारी, मॅट डिलन, ते काम करणारे जेम्स आर्नेस साडेसहा फुटांच्याही वर उंच. म्हातारे डॉक्टर झालेले मिलबर्न स्टोन मूळ कॅन्ससचेच, म्हणून आमच्या घरमालकीणबाईंना त्यांचा फार अभिमान. त्या काळात अशा मालिकांचा पूर आला होता. 1959च्या सुमारास संध्याकाळच्या वेळात तीसएक वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या, मालिका एकाच वेळी चालू होत्या. 'बोनान्झा' तर पहिल्या भागापासून रंगीत काढली, कारण ती दाखवणाऱ्या वाहिनीची मालक कंपनी रंगीत टीव्ही विकायची. आम्ही तीही काळीपांढरीच बघितली.

मला घोडे आवडायचे. आईला इंग्रजी फारसं कळायचं नाही, पण तिनं एकदा विचारलेलं मला आजही आठवतं. "अहो, ह्यांच्यात कुणी कामच करताना दिसत नाही. मग गुरं बघतं कोण?"

वडील जे बघायचे ते गुरंच. पडद्यावर कळप आला की ते पुढे सरकून बसायचे. एकदा मला म्हणाले, "बेटा, ह्यांची तोंडं पांढरी दिसतात ना? ही हेअरफोर्ड. गोष्ट ज्या काळातली आहे तेव्हा टेक्सासहून यायची ती लाँगहॉर्न. शिंगं बघ, ह्यांना नुसती खुंटं आहेत." मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लाँगहॉर्नचं डोकं काढून दाखवलं. शिंगं पानाच्या दोन्ही कडांना टेकली होती. तिकडे मार्शल कुणाला तरी गोळी घालत होता आणि इकडे आम्ही शिंगं मोजत होतो.

भाऊ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं. माणसं खरी होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 साली संपलं. टेक्सासात गुरं उदंड होती, त्यांना भाव मात्र नव्हता. भाव उत्तरेकडे, आणि रेल्वे होती कॅन्ससमध्ये. म्हणून दोन-अडीच हजार जनावरांचा कळप दहा-बारा गडी पायी हाकत न्यायचे. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर, असे दोन-तीन महिने. सोबत स्वयंपाक्याची गाडी. रात्री पाळीपाळीनं कळपाभोवती घोडा फिरवायचा आणि जनावरं बुजू नयेत म्हणून गाणं म्हणत राहायचं. विजेच्या एका कडकडाटानं सगळा कळप उधळायचा. पगार महिन्याला तीस-चाळीस डॉलर. घोड्यावरून गुरं वळायची सगळी विद्या मेक्सिकोच्या गुराख्यांकडून आलेली. इतिहासकारांच्या अंदाजानं चार काउबॉयांत एक कृष्णवर्णीय होता. आम्ही बघायचो त्या पडद्यावर तो जवळजवळ नसायचाच. हे सगळं जेमतेम वीस वर्षं चाललं. 1874 साली ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं काटेरी तारेचं पेटंट घेतलं, माळाला कुंपणं पडली, रेल्वे टेक्सासात पोचली आणि गुरं पायी न्यायचं कारणच उरलं नाही.

आता माझ्या वडिलांचा आवडता भाग. गुरांची ही शहरं एका जागी टिकली नाहीत. 1867 साली ॲबिलीन, मग एल्सवर्थ, विचिटा आणि शेवटी डॉज सिटी, अशी पश्चिमेला सरकत गेली. ह्याला मोठं कारण गोचीड! टेक्सासची लाँगहॉर्न स्वतः ठणठणीत असायची, पण ती ज्या वाटेनं जायची तिथली गावठी गुरं महिन्या-दीड महिन्यात तापानं फणफणून, लघवीला लाल होऊन मरायची. आपल्याकडे ज्याला गोचीड ताप म्हणतात तोच हा. कारण कुणाला ठाऊक नव्हतं, पण कॅन्ससच्या शेतकऱ्यांनी एवढं ताडलं, की ही गुरं आली की आपली मरतात. त्यांनी सरकारकडून रेषा आखून घेतली, रेषेच्या अलीकडे टेक्सासचं जनावर आणायचं नाही. वस्ती पश्चिमेला वाढली तशी रेषा सरकली आणि बाजारही सरकला. 1885 साली सगळ्या राज्याचीच दारं बंद झाली आणि डॉजचा बाजार उठला. रोग गोचिडामुळे पसरतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी 1893 साली दाखवून दिलं. सांधेदार पायांच्या (संधिपाद) जिवामुळे जनावरांत रोग पसरतो, हे सिद्ध होण्याची ती पहिली वेळ. वडील हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज चढायचा. मालिकेत गोळीबार शेकड्यानं झाले असतील, गोचीड कुणी दाखवलं नाही, याचं त्यांना खरंच वाईट वाटायचं. मलाही वाटतं.

गोळीबाराचं म्हणाल, तर खऱ्या डॉज सिटीत गावाच्या हद्दीत बंदूक बाळगायला मनाई होती, तशी पाटीच लावलेली होती. रॉबर्ट डायकस्ट्रा नावाच्या इतिहासकारांनी 1870 ते 1885 या काळातल्या पाच गुरांच्या शहरांतले खून मोजले. सगळे मिळून 45 भरले. पडद्यावर तेवढी माणसं एका हंगामात पडायची. हे नातवाला जरूर सांगा. आठ वर्षांच्या पोराला आकडे आवडतात.

आणखी एक गोष्ट सांगा. तिथले मूळ रहिवासी या मालिकांत बहुतेक वेळा आरडाओरडा करत येणारे शत्रू असायचे, आणि त्यांची कामं पुष्कळदा गोरे नटच तोंड रंगवून करायचे. 'लोन रेंजर'मधला टोंटो हा अपवाद. ते काम करणारे जे सिल्व्हरहील्स खरोखरच मोहॉक समाजातले, कॅनडाचे. जमीन कुणाची होती, बायसनचे, म्हणजे तिकडच्या रानगव्यांचे, कळप कुणी संपवले, हे मालिका सांगत नव्हत्या. गुरांच्या आधी डॉजचा धंदा बायसनच्या कातड्यांचा होता. 1872 ते 1874 मध्ये तिथून कातडी लाखांनी गेली. मला हे पुष्कळ उशिरा कळलं, वाचून कळलं. शेजारी कुणी बसलेलं असलं की पोराला लवकर कळतं.

सूनबाईंना सांगा, मोबाइलपेक्षा मोठा पडदा बरा, त्यात दोघांना बघता येतं. आणि मार्गशीर्षात लोह्याजवळच्या माळेगावच्या यात्रेला त्याला घेऊन जा. खंडोबाचं दर्शन होईल आणि घोड्यांचा बाजार दिसेल. घोड्याचा दात कसा बघतात, चाल कशी करून दाखवतात, हेडी लोक रुमालाखाली बोटं धरून सौदा कसा करतात, हे त्याला जवळून बघू द्या. तिथे त्याचे प्रश्न सुरू होतील, तयारीनं जा.

प्रश्न: ताई, तुम्ही असंही लिहिलं होतं, की काउबॉयांच्या टेक्सासात आपल्या देशातली गुरं गेली. हे खरं आहे का? आपली देवणी किंवा लाल कंधारी त्यात होती का? — पशुवैद्यकाची विद्यार्थिनी, उदगीर

उत्तर: खरं आहे, पोरी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 1926 पर्यंत थोडीथोडी करून भारतीय वंशाची जनावरं तिकडे गेली. काही थेट, काही ब्राझीलमार्गे. गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा खोऱ्यातली. त्यांच्या संकरातून ब्राह्मन ही जात उभी राहिली. तिच्या पैदासकारांची संघटना 1924 सालची. देवणी आणि लाल कंधारीचं नाव त्या यादीत नाही. वडिलांना त्याची रुखरुख होती. उन्हात चरायला आणि कमी चाऱ्यावर तगायला लाल कंधारीसारखं जनावर नाही, असं ते प्रत्येकाला सांगायचे.

ही जनावरं तिकडे का रुजली, हे तुझ्या अभ्यासाचं आहे. ढिली कातडी, आखूड चकचकीत केस, घाम येण्याची क्षमता, यामुळे ऊन सोसतं आणि गोचीड कमी लागतं. म्हणजे ज्या दुखण्यानं काउबॉयांचे बाजार उठवले, त्याला तोंड द्यायला आपल्याकडचं वशिंड कामी आलं. टेक्सासच्या किंग रँच या गुरांच्या मोठ्या फार्मवर ब्राह्मन आणि शॉर्टहॉर्नच्या संकरातून सांता गर्ट्रुडिस ही जात तयार झाली, तिला 1940 साली मान्यता मिळाली. अमेरिकेनं 1906 पासून गोचीड निर्मूलन हाती घेतलं. गुरं औषधाच्या हौदातून पोहवत न्यायची, अशी पद्धत. 1943 पर्यंत मेक्सिकोच्या सरहद्दीवरची पट्टी सोडून देश मोकळा झाला. त्या पट्टीत रिओ ग्रँड नदीच्या काठानं आजही सरकारी नोकरीतले घोडेस्वार फिरतात, भटकी गुरं पकडतात आणि अंगावर हात फिरवून गोचीड शोधतात. 'टिक रायडर' म्हणतात त्यांना. माझ्या मते आज कुणाला काउबॉय म्हणायचं असेल तर ह्यांना म्हणावं. तुझ्या पदवीला जोडून तिकडचं काही वाचायला मिळालं तर इथून सुरुवात कर.

प्रश्न: आजी, मी नववीत आहे. काउबॉयच्या खेळात मुलं मला कायम 'पळवून नेलेली बाई' करतात. तुमच्या वेळी मुलींना काय मिळायचं? — अंबाजोगाई

उत्तर: टीव्हीवर मुलींना फार थोडं मिळायचं. 'गनस्मोक'मधल्या मिस किटी स्वतःचा धंदा चालवायच्या, हिशोब त्यांच्या हातात, म्हणून त्या मला आवडायच्या. पण घोड्यावर बसून पाठलाग करणारी हवी असेल तर ॲनी ओकली बघ. तिच्यावरची मालिका 1954 ते 1957 चालली, काम गेल डेव्हिस यांनी केलं. टीव्हीवरच्या वेस्टर्नमध्ये बाई मध्यभागी आली ती पहिल्यांदा तिथे. खरी ॲनी ओकली 1860 साली ओहायोत एका गरीब घरात जन्मली. लहानपणापासून शिकार विकून घर चालवलं आणि नेमबाजीत भल्याभल्यांना हरवलं.

आम्ही परभणीला परतलो तेव्हा मराठवाड्यात टीव्ही कुठला! मुंबईचं केंद्रसुद्धा 1972 साली सुरू झालं. इन्सॅट-1बी हा उपग्रह 1983 साली अवकाशात गेला, त्यानंतर देशभर लहान ट्रान्समीटर बसले, तेव्हा कुठे आपल्या शहरांत अँटेना दिसायला लागल्या. तोवर आमच्या कॉलनीत मालिका म्हणजे मी सांगेन ती. संध्याकाळी ओट्यावर पोरं जमायची आणि मी शनिवारचे भाग एकेक करून सांगायची. गोष्ट मलाच ठाऊक असल्यामुळे मार्शल कोण होणार हा प्रश्नच नसायचा. पऱ्हाटीचा घोडा, तुराटीची बंदूक, वडिलांची जुनी हॅट. पळवून न्यायला आम्ही माणूस वापरतच नव्हतो, शेजारच्या काकूंचं वासरू असायचं. ते सोडवून आणायचं आणि आणल्यावर त्याचे कान उलटे करून गोचीड काढायचे, हा नियम मी घातला होता. काकूंची काही तक्रार नसायची.

तू पुढच्या वेळी गोष्ट स्वतः रच आणि खेळाच्या आधी सगळ्यांना सांगून टाक. गोष्ट जिची, ती ठरवते कोण काय होणार.