शोधवाक्य, झोटेरो आणि न सापडणारे संदर्भ

प्रश्न : मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. संशोधक विद्यार्थी येतात ते एकतर ‘हजारो लेख निघाले’ म्हणत, नाहीतर ‘माझ्या विषयावर काहीच नाही’ म्हणत. तासाभराच्या भेटीत नेमकं काय करून घ्यावं?

उत्तर : संगणक जरा उशिरा उघडा. आधी विषय एका वाक्यात लिहून घ्या आणि त्यातल्या दोन-तीन संकल्पना सुट्या करा. समजा, विषय ‘रात्रपाळीतल्या परिचारिकांची झोप’ आहे. कागदावर तीन रकाने पाडून प्रत्येकाखाली समानार्थी इंग्रजी शब्द लिहायला लावा. एका रकान्यातले शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात घालायचे, मग कंस एकमेकांना ‘अँड’ने जोडायचे. कंस राहिले तर डेटाबेस आपल्या क्रमाने शब्द जोडतो, आणि ते ‘हजारो लेख’ पुष्कळदा तिथूनच येतात. ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्याने बहुधा प्रबंधाचं अख्खं शीर्षकच चौकटीत टाकलेलं असतं.

शब्दाचे पुढचे सगळे पर्याय एकदम शोधणारं तारांकन (*) जपून वापरायला सांगा. एन-यू-आर-एस या चार अक्षरांपुढे ते लावलं की नर्स, नर्सिंग यांच्याबरोबर नर्सरीही येते. शिवाय पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये तारांकन लावलेल्या शब्दाला जुळणारी विषयसंज्ञा (लेखाला विषयानुसार लावलेला ठरीव शब्द) आपोआप शोधली जात नाही. नको ते वगळणारा ‘नॉट’ तर शक्यतो नकोच : ‘नॉट डॉक्टर’ म्हटलं की परिचारिका आणि डॉक्टर यांची तुलना करणारे लेखही गळतात.

पबमेडच्या ‘मेश’ विषयसंज्ञा घ्याव्यातच, पण सगळ्याच लेखांना त्या लागलेल्या नसतात, म्हणून शीर्षक आणि गोषवाऱ्यातले शब्दही सोबत हवेत. शेवटची दहा मिनिटं नोंदीसाठी ठेवा : डेटाबेसचं नाव, तारीख, शोधवाक्य (म्हणजे कंस आणि जोडशब्दांसह चौकटीत टाकलेला अख्खा मजकूर) जसंच्या तसं, लावलेल्या मर्यादा, निकालांची संख्या. सहा महिन्यांनी मार्गदर्शकाने ‘नवीन काही आलंय का बघ’ म्हटलं की हीच नोंद कामी येते. पद्धतशीर आढावा (सिस्टिमॅटिक रिव्ह्यू) घ्यायचा असेल तर शोधाची माहिती कशी द्यावी हे सांगणारी प्रिझ्मा-एस ही १६ मुद्द्यांची तपासयादी पहिल्याच दिवशी हातात द्या. गूगल स्कॉलर एका शोधाचे सुमारे १,००० निकालच दाखवतं. पूरक म्हणून ते ठीक, पण सगळी भिस्त त्यावर नको.

प्रश्न : प्रबंध सादर करायच्या तोंडावर झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची संदर्भसूची बिघडते. विद्यार्थ्यांना काय सांगावं?

उत्तर : बहुतेक वेळा घोळ हाताने केलेल्या दुरुस्तीचा असतो. वर्डमधल्या सूचीत थेट खोडाखोड केली की पुढच्या ‘रिफ्रेश’ला ती पुसली जाते, म्हणून चूक झोटेरोतल्या मूळ नोंदीत सुधारावी. एकच लेख दोनदा आला असेल तर एक नोंद उडवू नये, ‘मर्ज’ करावी. उडवलेल्या नोंदीशी प्रबंधातला संदर्भ जोडलेला असेल तर तो दुवा तुटतो आणि तोच लेख सूचीत दोनदा दिसू लागतो. लेखांची इंग्रजी शीर्षकं फक्त पहिलं अक्षर आणि विशेषनामं मोठी ठेवून साठवावीत, कारण झोटेरोची शैली गरजेप्रमाणे अक्षरं मोठी करू शकते, लहान नाही. वर्डमधले संदर्भ झोटेरोपासून कायमचे तोडणारं ‘अनलिंक सायटेशन्स’ अगदी शेवटी, आणि तेही फाइलच्या प्रतीवर. झोटेरोची मोफत ३०० एमबी ऑनलाइन जागा फक्त जोडलेल्या फाइलींना लागते. ती भरली तरी नोंदींचं सिंक चालूच राहतं.

प्रश्न : चॅटबॉटने दिलेले संदर्भ घेऊन विद्यार्थी येतात आणि ते कुठेच सापडत नाहीत.

उत्तर : डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) असेल तर आधी तो उघडून बघा. अस्सल डीओआय भलत्याच लेखाचा निघणं, हा नेहमीचा प्रकार. नसेल तर शीर्षक अवतरणचिन्हांत शोधा आणि त्या नियतकालिकाच्या त्या खंडाची अनुक्रमणिका चाळा. तिथेही नसेल तर आंतरग्रंथालयीन मागणी नोंदवू नका, दुसऱ्या ग्रंथालयाचा वेळ फुकट जातो.

प्रश्न : आमची शोधवाक्यं इतर ग्रंथपालांना दाखवावीत का?

उत्तर : जरूर, आणि शोध चालवण्याआधी. ‘प्रेस’ या तपासणी-पद्धतीत सहा बाबी बघतात : प्रश्नाची मांडणी, जोडशब्द, विषयसंज्ञा, मुक्त शब्द, स्पेलिंग व ओळक्रमांक, मर्यादा. ओळक्रमांकाची चूक स्वतःला सहसा दिसत नाही. मोठं शोधवाक्य क्रमांक दिलेल्या ओळींत लिहितात; मधे एक ओळ घातली की खालचे ‘१ अँड २’ चुकीच्या ओळींना जोडले जातात. दाखवताना विद्यार्थ्याचं नाव काढा, आणि विषय अजून अप्रकाशित असेल तर आधी त्याची परवानगी घ्या.